धागा: फायटिंग गेममध्ये टाँट कधी परवडतो, आणि स्पर्धेत चालवायचा का?

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)

दिवाळीच्या सुट्टीत १६ जणांची स्पर्धा घ्यायची ठरतेय. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६, डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर), दोन सेटअप (कन्सोल आणि पडदा). नियम लिहायला घेतले की दर वेळी टाँटपाशी, म्हणजे पात्राकडून समोरच्याला डिवचणारी हालचाल करवण्यापाशी, घोडं अडतं. आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, बंदच करा, पोरं हमरीतुमरीवर येतात. दुसरा म्हणतो, कंपनीनं बटन दिलंय तर आपण कोण बंद करणार.

मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. खेळाच्या हिशोबात टाँटची किंमत काय आणि फायदा काय? आणि नियम करायचाच तर असा कसा लिहावा की पंच म्हणून उभ्या असलेल्या पोराला तो जागच्या जागी लावता येईल? ‘सर्वांनी सभ्यपणे खेळावे’ असलं मोघम वाक्य नको. जाणकारांनी सविस्तर लिहा.

परभणी_पॅरी

आधी फ्रेमचा हिशोब. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमनं (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. दोन सेकंद चालणारा टाँट १२० फ्रेम खातो. तेवढा वेळ तुमचं पात्र ना गार्ड (फटका अडवणं) करू शकत, ना सरकू शकत. स्ट्रीट फायटर ६ मधला जलद जॅब (हलका ठोसा) ४ फ्रेमांत बाहेर येतो. समोरचा स्क्रीनच्या पलीकडे उभा असला तरी दोन डॅश (झटकन झेप) मारून जवळ यायला आणि पूर्ण कॉम्बो (जोडून मारलेले फटके) सुरू करायला त्याला १२० फ्रेम रग्गड झाल्या. म्हणून उभ्या आणि मोकळ्या विरोधकासमोर टाँट मारणं म्हणजे लाईफ बारचा मोठा तुकडा आपल्या हातानं कापून देणं.

परवडतो कधी? समोरचा आडवा पडलाय, दूर पडलाय, आणि त्याला उठायला लागणारा वेळ अधिक तुमच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, ही बेरीज टाँटच्या लांबीपेक्षा जास्त आहे, तेव्हा. ही बेरीज अंदाजानं करू नका, मोजा.

मोजायची पद्धत अशी. स्ट्रीट फायटर ६ च्या ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर चालू करा. सहाही हल्ल्याची बटनं एकदम दाबली की टाँट निघतो. काडी (जॉयस्टिक) पुढे किंवा मागे धरून दाबली तर वेगळा निघतो, आणि तिन्हींची लांबी सारखी नसते. म्हणून तिन्ही एकेकदा काढून मीटरवर पट्टी किती लांब जाते ते बघा. मग डमीचं (सरावाच्या पात्राचं) रिव्हर्सल सेटिंग उघडा आणि त्याला उठता क्षणी पुढे धावून फटका मारायचं रेकॉर्डिंग द्या. आता तुम्ही ज्या चालीनं पाडता ती चाल मारा, लगेच टाँट काढा आणि संपता संपता मागे धरून ठेवा. गार्ड झाला तर त्या चालीनंतर तो टाँट बसतो. फटका खाल्लात तर नाही बसत. मग रेकॉर्डिंग बदलून उडी मारून येणं, ड्राईव्ह रश (गेज म्हणजे शक्तीची पट्टी खर्चून वेगानं पुढे येणं) आणि दूरवर पोचणारी सुपर (गेज खर्चून मारायची जड चाल) अशा तिन्ही प्रकारांनी तपासा. लोक फक्त धावून येणं तपासतात आणि मॅचमध्ये आख्खी स्क्रीन ओलांडणारी सुपर खातात.

कोपऱ्यात पाडलं तर दोघांतलं अंतर कमी राहतं. मैदानाच्या मधोमध जो टाँट बसतो तो कोपऱ्यात बहुतेक वेळा बसत नाही.

नांदेड_नॉकडाउन

पॅरीभाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. फटका बसला नाही म्हणजे टाँट फुकट पडला असं नाही ना.

विरोधक पाडला की त्याच्या उठण्यावर दबाव टाकायची संधी मिळते, जिला आपण ओकी म्हणतो. तो उठतोय तेव्हा तुम्ही अंगावर उभे असता. फटका मारायचा की थ्रो (पकडून फेकणं, जे गार्डनं अडत नाही), हे तुम्ही ठरवता आणि त्याला अंदाज बांधावा लागतो. पाडण्याच्या चालीचं निम्मं मोल या संधीत आहे. टाँट मारलात की ती गेली. तो आरामात उठतो, दोघंही लांब उभे, डाव परत शून्यावर. त्याचं लाईफ कमी असताना, एका बरोबर अंदाजावर राउंड संपणार असताना ओकी सोडून टाँट मारणं ही सगळ्यात महागडी वेळ. आणि नेमक्या त्याच वेळी पोरांना टाँट मारायची खाज सुटते.

उलट काही चाली अशा असतात की पाडतात, पण इतक्या दूर फेकतात की तुम्ही पळत गेलात तरी तो उठायच्या आत पोचत नाही. तिथं ओकी नव्हतीच, मग सोडण्यासारखं काही नाही. टाँटची खरी जागा तीच. आपल्या पात्राच्या अशा दोन-तीन चाली शोधून ठेवा.

राउंड संपल्यानंतर, म्हणजे केओ पडल्यावर मारलेल्या टाँटला फ्रेमचा काहीच खर्च नाही. त्याचा खर्च दुसरीकडे निघतो: समोरचा पुढच्या राउंडला चिडून येईल की सावध होऊन, हे तुम्हाला माहीत नसतं.

गोदाकाठ (पैठण)

काही गेममध्ये टाँट नुसता दिखाऊ नाही, त्याचा परिणाम थेट आकड्यांवर होतो. नवीन पोरांना हे माहीत नसतं म्हणून जरा मागून सुरू करतो.

१९९२ मध्ये एसएनके कंपनीचा आर्ट ऑफ फायटिंग आला. त्यात टाँट मारला की समोरच्याचा स्पिरिट गेज (स्पेशल चालींच्या शक्तीची पट्टी) उतरायचा, आणि गेज उतरला की त्याच्या स्पेशल चाली फिक्या पडायच्या. म्हणजे लांब उभं राहून डिवचत राहिलं तरी विरोधक खरोखर कमजोर व्हायचा. त्याच्यावर एक उपाय म्हणजे जवळ जाऊन मारणं. टाँटला हत्यार करण्याची सुरुवात ही अशी झाली.

त्या गेमचे नायक कॅपकॉम कंपनीच्या स्ट्रीट फायटरमधल्या र्यू आणि केनच्या फार जवळ जाणारे होते. कॅपकॉमनं स्ट्रीट फायटर अल्फामध्ये डॅन हिबिकी हे पात्र आणून त्याला उत्तर दिलं. गुलाबी गी (कराटेचा पोशाख), तोकडा फायरबॉल आणि सदानकदा टाँट. अल्फामध्ये बाकीच्यांना राउंडमध्ये एकदाच टाँट मारता येतो, डॅनला कितीही वेळा. अल्फा २ मध्ये तर त्याला सुपर गेज खर्चून मारायचा टाँट दिलाय. नुकसान शून्य, वेळ भरपूर. तो मॅचमध्ये काढणारा माणूस आपला गेज आणि राउंड दोन्ही पणाला लावतो, म्हणून बघणारे उठून ओरडतात.

आणि मग १९९९ चा स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राईक. त्यात हेवी पंच आणि हेवी किक एकत्र दाबलं की पर्सनल ॲक्शन निघते, आणि ती पूर्ण झाली की पात्राला काहीतरी मिळतं. बऱ्याच जणांचा पुढचा फटका किंवा कॉम्बो जड होतो. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण क्यू या पात्राचं. त्याची संरक्षणशक्ती प्रत्येक टाँटला वाढते, तीन टाँटपर्यंत वाढत जाते आणि राउंड संपेपर्यंत टिकते. तीन टाँट पूर्ण झालेला क्यू अख्ख्या गेममधला सगळ्यांत चिवट गडी होतो. एरवी क्यू मंद आहे, त्याची चाल सहज वाचता येते, म्हणून ते तीन टाँट हीच त्याची राउंडची योजना असते.

क्यू खेळणाऱ्यांसाठी नेमकं सांगतो. पहिला टाँट विरोधकाला पाडून लांब टाकल्यावर लगेच घ्या, तेव्हा लाईफ भरलेलं असतं आणि एखादा फटका खाल्ला तरी चालतो. लाईफ संपत आल्यावर टाँट घेण्यात अर्थ नाही, कारण वाढलेलं संरक्षण उरलेल्या लाईफलाच लागू पडणार. जे मधेच फटका खाऊन तुटलं ते मोजलं जात नाही, ॲक्शन पूर्ण व्हायला लागते. आणि क्यूसमोर खेळत असाल तर त्याला लांब सोडू नका. पाडल्यावर मागे सरकायची सवय असेल तर ती या एका मॅचपुरती मोडा. तुम्ही मागे सरकलात की त्याला टाँटची जागा आयती मिळाली.

म्हणून पानचक्की, तुम्ही टाँट सरसकट बंद केलात आणि उद्या थर्ड स्ट्राईक लावलात, तर क्यू खेळणाऱ्याचं हत्यारच काढून घेतल्यासारखं होईल.

जालन्याचा_जॅब

टेकनमध्ये पण तेच. ब्रायन फ्युरी या पात्राचा टाँट गार्ड करताच येत नाही. त्यानं लाईफ कमी होत नाही, पण तो लागला की समोरचा क्षणभर अडकतो. तेवढ्या वेळात जेट अपर (ब्रायनचा वर उडवणारा ठोसा) बरोबर क्षणी निघाला तर समोरच्याकडे काहीही उपाय नाही, गार्ड धरून बसला असला तरी हवेत उडतो आणि वर पूर्ण कॉम्बो. यालाच टाँट जेट अपर म्हणतात. कोरियाचा नी हा खेळाडू ब्रायनसाठी ओळखला जातो, त्याच्या मॅच बघा. टाँट कुठं काढतो ते बघा, कॉम्बो नंतर बघा.

शिकायचं कसं? प्रॅक्टिस मोडमध्ये डमीला पहिला फटका लागल्यानंतर गार्ड करायला लावा. असं केलं नाही तर उशिरा निघालेला जेट अपर पण लागतो आणि आपल्याला जमलं असं वाटत राहतं. टाँट अंगाला अंग लागेल इतक्या जवळून काढा, त्याची पोच लई कमी आहे. मग जेट अपर. डमी उडाला तर बरोबर. डमीनं गार्ड केला तर उशीर झाला. जेट अपर निघालाच नाही तर घाई झाली. या तीन निकालांकडे बघून हात पुढेमागे करत जायचं. आधी एका बाजूनं हात बसवा, मग दुसऱ्या बाजूनं. उजवीकडून खेळताना काडीची दिशा उलटते आणि बहुतेकांचा हात तिथंच फसतो.

मॅचमध्ये तो मोकळ्या मैदानात काढू नका. समोरचा भिंतीला टेकलाय आणि दबून गार्ड धरतोय, किंवा पडून उठायलाय आणि तुम्ही आधीच अंगावर उभे आहात, ही जागा. टाँट लागायच्या आधी त्याला जॅब मारता आला तर उलट कॉम्बो तुम्हीच खाता.

दुसरी गोष्ट की चार्ज. चारही बटनं एकदम दाबली की पात्र मुठी आवळून अंग ताठ करतं. पोरं केओनंतर दाबतात ते ठीक. पण राउंड चालू असताना दाबलं तर त्यानंतर काही वेळ गार्ड होत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं. ॲनिमेशन संपलं म्हणजे मोकळे झालो असं समजून मागे धरतात आणि साधा जॅब खातात. अंगावरची चमक जाईपर्यंत गार्ड नाही.

पानचक्की

जॅबभाऊ, मधेच विचारतो. आमच्याकडं एक गेमिंग मॉनिटर आहे आणि दुसरा साधा घरचा टीव्ही. टीव्हीवर टाँट जेट अपर बसत नाही अशी तक्रार आधीच यायलीय. खरं आहे का?

जालन्याचा_जॅब

अर्धं खरं. टीव्हीचा उशीर कायम सारखाच असतो. टाँट ते जेट अपर ही हाताची लय आहे, डोळ्यानं बघून दाबायची गोष्ट नाही. लय पक्की असेल तर उशिरानं बिघडत नाही. बिघडतं ते समोरच्याची चाल बघून उत्तर देणं, म्हणजे लो (पायाशी येणारा, बसून अडवायचा फटका) गार्ड करणं, थ्रो तोडणं. ज्याची लय पडद्यावरच्या चित्राला बांधलेली आहे त्याला मात्र टीव्हीवर घोळ होणार.

टीव्हीचा गेम मोड चालू करा, मोशन स्मूथिंगसारखी चित्र सुधारणारी सगळी सेटिंग बंद करा. आणि शक्य असेल तर दुसरा मॉनिटर भाड्यानं आणा. एकाच स्पर्धेत दोन प्रकारचे पडदे ठेवलेत तर हरलेला प्रत्येक जण पडद्याला दोष देणार.

ऑनलाईनची गोष्ट वेगळी. तिथं उशीर क्षणाक्षणाला हलतो, तिथं लयीचाही भरवसा नाही.

लातूर_लो

सगळे बटनाच्या टाँटवर बोलायलेत. बटन बंद केलं तर पोरं काय करतील तेही लिहितो. उठाबशा काढतील. केओ झाला की पात्र पटापटा खाली-वर, खाली-वर. ज्याला टीबॅगिंग म्हणतात.

स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये अनोळखी माणसाबरोबरच्या ऑनलाईन क्विकप्लेमध्ये टाँट बंद ठेवलाय. परिणाम काय? लोक तिथं बसून-उठून डिवचतात. बसणं हा गेमचाच भाग आहे, ते कोण बंद करणार? उलट टाँटला निदान किंमत मोजावी लागते, बसण्याला जवळजवळ काहीच नाही.

‘जवळजवळ’ मुद्दाम लिहिलं. स्ट्रीट फायटरमध्ये गार्डसाठी मागे किंवा खाली-मागे धरावं लागतं. नुसतं खाली दाबून उठाबशा काढल्या तर त्या वेळी गार्ड नसतो. शहाणा खेळाडू खाली-मागे आणि मागे, असं आलटून पालटून करतो. त्यात बसलेला असताना लो अडतो आणि उभा असताना ओव्हरहेड (वरून येणारा, उभ्यानंच अडवायचा फटका). तरी एक खर्च राहतोच. गाईलसारख्या चार्जवाल्या (दिशा काही वेळ धरून ठेवल्यावरच ज्याची चाल निघते अशा) पात्राचा मागचा चार्ज टिकतो, पण उभं राहिलं की खालचा चार्ज जातो. म्हणजे सॉनिक बूम (लांबून फेकायचा मारा) हातात आहे, पण फ्लॅश किक (वर जाणारी लाथ) नाही. समोरच्याला हे माहीत असेल तर उठाबशा दिसल्या की तो उडी मारून येतो, कारण हवेतून खाली पाडणारी चाल त्या क्षणी तयार नसते. कुणी गाईल घेऊन उठाबशा काढत असेल तर चिडू नका, उडी मारा.

मोबाईलवाल्यांसाठी एक ओळ. ज्या गेममध्ये टाँट आहे तिथं त्याचं बटन पडद्यावर असतं. ते दाबायला अंगठा हल्ल्याच्या बटनावरून उचलावा लागतो, आणि परत यायला लागणारा वेळ ॲनिमेशनच्या वेळेत धरलेला नसतो. मोबाईलवर टाँट दिसतो त्यापेक्षा महाग आहे. आणि ज्या गेममध्ये समोरच्याचे इमोट (डिवचायला पाठवलेली छोटी चित्रं) बंद करायची सोय आहे तिथं ती आधीच वापरून टाका, रँकच्या मॅचमध्ये त्यांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

बालाघाट (बीड)

टाँट खाणाऱ्याच्या बाजूनं लिहितो, कारण स्पर्धेत निम्मे लोक त्या बाजूला असणार.

टाँट लागू पडतो तो त्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत. चिडलेला माणूस ठरावीक तीन-चार गोष्टी करतो. सरळ धावत येतो, लांबून उडी मारतो, उठता उठता रिव्हर्सल फेकतो, किंवा गेज असेल तर सुपर सोडतो. टाँट मारणारा चांगला खेळाडू याचीच वाट बघत असतो. टाँट संपला की तो मागे धरून बसतो, किंवा किंचित मागे सरकून तुमचा फटका हवेत जाऊ देतो आणि मग मारतो. म्हणजे टाँट हे आमिष आहे. मासा तुम्ही आहात की नाही, हे तुमच्या हातात.

यावर उपाय रागावर नाही, बटनावर शोधा. टाँट दिसला की करायची एकच चाल आधीच ठरवून ठेवा, आणि ती दोन अटींवर. पोचत असेल तर तुमची सर्वांत लांब जाणारी, सुरक्षित चाल मारा, कॉम्बोचा मोह नको. पोचत नसेल तर तो वेळ स्वतःसाठी वापरा. थोडं पुढे चालून कोपऱ्यातून बाहेर या, चार्ज धरा, गेज बघा, घड्याळ बघा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये तुमचा ड्राईव्ह गेज (आपोआप भरणारी शक्तीची पट्टी) उतरलेला असेल तर त्यानं टाँटमध्ये घालवलेला प्रत्येक क्षण तुम्हाला गेज भरून देतो. बर्नआउटमध्ये (ड्राईव्ह गेज पूर्ण संपलेल्या अवस्थेत) असलेल्या माणसासमोर टाँट मारणं तर दुप्पट वेडेपणा. जो दबाव ठेवायचा तोच सोडून दिला.

सराव करायचा असेल तर मित्राला शेजारी बसवा आणि त्याला सांगा, प्रत्येक नॉकडाउननंतर टाँट मार. तुम्ही अट घाला की टाँटनंतर एक सेकंद कुठलंही हल्ल्याचं बटन दाबायचं नाही. हाताला सवय लागली की मग शिक्षा देणारी चाल त्यात मिसळा. राउंडच्या मध्ये पॅडवरून (कंट्रोलरवरून) हात काढून मोकळे सोडा. चिडलं की मूठ पॅडवर आवळली जाते आणि आवळलेल्या अंगठ्यानं कोपऱ्यातली दिशा चुकते, खाली-मागेच्या जागी नुसतं खाली लागतं. लो गार्ड न बसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

मांजराकाठची (लातूर)

पडद्यावरचा टाँट झाला. आता खुर्चीवरच्या टाँटवर बोलू या, कारण भांडणं तिथं होतात.

ऑनलाईनमध्ये समोरचा दिसत नाही. स्थानिक स्पर्धेत तो हातभर अंतरावर बसलेला असतो आणि मागं पंधरा-वीस जण उभे असतात. तिथं तोंडातून जे निघतं ते पात्राबद्दल राहत नाही. आईबहिणीवरून जातं, जातीवरून जातं, धर्मावरून जातं. समोर मुलगी बसली असेल तर ‘पोरीकडून हरला’ हे तिच्या विरोधकाला म्हणून मागचे लोक दोघांनाही एकदम कापतात. या वाक्यात तिला उद्देशून काहीच नाही, म्हणून पंच दुर्लक्ष करतो. पण मुली दुसऱ्यांदा खेळायला येत नाहीत त्याचं कारण असली वाक्यं आहेत, पडद्यावरचा ब्रायनचा टाँट नाही.

म्हणून नियमाची रेघ पडदा आणि तोंड यांच्यामध्ये ओढा. पडद्यावर जे काही गेम करू देतो ते चालेल. तोंडानं बोलायचं तर खेळाबद्दल: ‘परत लो खाल्लास’, ‘थ्रो तोड की’, ‘ड्राईव्ह संपला बघ’. इतकं चालेल. माणसाबद्दल, त्याच्या घराबद्दल, जातीबद्दल, शरीराबद्दल, ती मुलगी आहे याबद्दल एक शब्द नाही. आणि हा नियम बघणाऱ्यांनाही लागू. बघणाऱ्याला दंड कसा करायचा असा प्रश्न येतो, त्याचं उत्तर सरळ आहे: त्याला खोलीच्या बाहेर पाठवा. तो पुढच्या फेरीचा खेळाडू असेल तर त्याची मॅच लागेपर्यंत बाहेर.

क्रांती_चौक

ताई, पटतंय. पण बोलणं पूर्ण दाबलं तर मजा जाते ना. आपल्याकडं गेम पार्लरमध्ये टेकन ३ चालायचा तेव्हापासून खेळापेक्षा मागच्यांचा आवाज मोठा. एडी हे लाथा मारणारं पात्र घेऊन नुसती लाथांची बटनं बडवणाऱ्याला सगळे मिळून बोलायचे. त्यात वाईट काय?

मांजराकाठची

दादा, बोलणं दाबा असं मी कुठं लिहिलंय? बटनं बडवतो म्हणून बोलणं खेळाबद्दल झालं, ते चालेल. फक्त मॅच चालू असताना खेळणाऱ्याच्या कानाशी ओरडायचं नाही आणि खुर्चीला हात लावायचा नाही. मागच्यांसाठी खुर्चीपासून निदान चार-पाच फुटांवर जमिनीवर टेप लावा. आवाज तेवढाच राहतो, अंगावर येणं थांबतं.

बालाघाट

कुस्तीत शड्डू ठोकला म्हणून पंच कुणाला बाद करत नाही, पण समोरच्याला शिवी दिली तर थांबवतो. ताईंची रेघ तीच आहे आणि ती पंचाला दिसते, हे तिचं बळ.

अंमलबजावणीचं सांगतो. दंड आधीच ठरलेला आणि पायऱ्यांचा हवा. पहिल्यांदा स्पष्ट ताकीद, नाव घेऊन, दोघांना ऐकू जाईल अशी. दुसऱ्यांदा चालू गेम (मॅचमधला एक डाव, राउंड मिळून होणारा) विरोधकाला. तिसऱ्यांदा स्पर्धेतून बाहेर. जात, धर्म आणि आईबहिणीवरून गेलं तर ताकीद नाही, थेट गेम. अंगावर धावून जाणं किंवा पॅड फेकणं, थेट बाहेर. पंचानं ‘बघतो’ म्हणायचं नाही. जे दिसलं किंवा ऐकलं त्यावरच निर्णय, ऐकीव तक्रारीवर नाही. म्हणून दर सेटअपला एक पंच आणि त्याची जागा खेळाडूंच्या बाजूला, पडद्यामागं नाही.

टाँटमधून हमखास निघणारा वाद म्हणजे पॉज. टाँट खाल्लेला माणूस चिडून पॉजचं बटन दाबतो, किंवा चुकून लागलं म्हणतो. नियम एकच ठेवा: चालू राउंडमध्ये पॉज लागला तर तो राउंड समोरच्याचा, मुद्दाम की चुकून हे बघायचं नाही. समोरच्यानं स्वखुशीनं सोडलं तर सोडलं. अन्याय नको असेल तर दोन्ही गेमच्या व्हर्सस सेटिंगमध्ये पॉज आधीच बंद करता येतो का किंवा लांब दाबल्यावरच लागेल असा करता येतो का ते बघून ठेवा. वायरलेस पॅड असेल तर मॅच संपली की तो कन्सोलपासून तोडून घ्यायला लावा. मागं उभ्या असलेल्याच्या खिशातला पॅड जागा होतो आणि दुसऱ्याच्या मॅचमध्ये मेन्यू उघडतो. शक्यतो सगळे वायरवर खेळवा.

लाईट गेली तर? ज्या राउंडमध्ये गेली तो राउंड परत, आधी जिंकलेले राउंड आणि गेम कायम, पात्रं तीच. हे लिहून ठेवा. आपल्याकडं लाईट जाणार.

वेळेचं बघ. १६ जणांच्या डबल एलिमिनेशनला ३० मॅच, फायनल फिरली तर ३१. तीनपैकी दोन गेमची मॅच खुर्च्या बदलण्यासकट १० मिनिटं धर. दोन सेटअपवर कागदावर अडीच तास होतात, पण शेवटच्या काही मॅच एकामागं एकच होतात, म्हणून एका गेमच्या स्पर्धेला साडेतीन तास धर. दोन्ही गेम एका दिवसात घ्यायचे तर सकाळी ९ ला पहिली मॅच लागलीच पाहिजे.

पानचक्की

सगळ्यांचे मनापासून आभार. टाँटचा मजकूर असा करतोय, वाचून सांगा:

‘गेममध्ये उपलब्ध असलेली कुठलीही हालचाल, टाँट, की चार्ज, उठाबशा यांच्यासह, राउंड चालू असताना आणि संपल्यावर चालेल. त्यासाठी दंड नाही आणि त्याबद्दलची तक्रार घेतली जाणार नाही. खेळाबद्दल बोलणं चालेल. व्यक्ती, कुटुंब, जात, धर्म, शरीर, स्त्री-पुरुष यावरून बोलल्यास खेळाडूचा चालू गेम जाईल, पुन्हा बोलल्यास तो स्पर्धेबाहेर. प्रेक्षक बोलल्यास खोलीबाहेर. बाकी अरेरावीला ताकीद, मग गेम, मग बाहेर. टेपच्या आत फक्त दोन खेळाडू आणि पंच.’

हे नाव नोंदवतानाच प्रत्येकाला वाचायला देऊन सही घेणार आहे. १८ च्या आतल्यांच्या पालकांनाही देणार. टीव्ही रद्द, दुसरा मॉनिटर बघतोय.

परभणी_पॅरी

चांगलं झालंय. एक फट बुजवा. ‘राउंड संपल्यावर चालेल’ म्हटलंत, पण मॅच संपल्यावर काय? जिंकलेला माणूस निकालाच्या पडद्यावर रीमॅच न दाबता रेंगाळत राहतो किंवा खुर्चीवरून उठत नाही, आणि तिथं पडदा नसतो, नुसती माणसं असतात. लिहा: शेवटचा केओ पडला की दोघांनी एका मिनिटात पॅड काढून टेपच्या बाहेर यायचं, आणि निकाल जिंकणाऱ्यानं पंचाला सांगायचा.

नांदेड_नॉकडाउन

आणि ‘चालू गेम जाईल’ याच्यात गेम दोन राउंडच्या मध्ये असताना बोलला तर कुठला गेम, हे स्पष्ट करा. मॅच संपून बाहेर पडताना बोलला तर पुढच्या मॅचचा पहिला गेम. हरून स्पर्धेबाहेर पडलेला बोलला तर तो प्रेक्षक, खोलीबाहेर.

पानचक्की

दोन्ही घातले. छापायला देतो.